एक्स्पायर झालेल्या नावाचे ऐंशी दिवस

गूगल डॉट कॉम या नावाची नोंदणी सप्टेंबर २०२८ मध्ये संपते. ही काही आतल्या गोटातली बातमी नाही. डॉट कॉमच्या सार्वजनिक नोंदींमध्ये कोणालाही दिसेल अशी ती तारीख आहे. १५ सप्टेंबर १९९७ ला हे नाव पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि तेव्हापासून ते मुदतीवरच जगत आलं आहे. मुदत संपण्याआधी पैसे भरायचे, तारीख पुढे ढकलायची, ती जवळ आली की पुन्हा भरायचे. तिजोरीत कितीही पैसा असला तरी गूगलला स्वतःचं नाव कायमचं विकत घेता येत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं, त्यापुढे नाही. तुमच्या गल्लीतल्या चिवड्याच्या दुकानानं डॉट कॉम घेतलं असेल, तर त्यालाही नेमका हाच नियम.

इंटरनेटबद्दल मला जी थोडीफार माहिती आहे, त्यात ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. बँका, वर्तमानपत्रं, न्यायालयं, विद्यापीठं या सगळ्यांचे पत्ते मुदतीवर घेतलेले आहेत. एकट्या डॉट कॉममध्ये पंधरा कोटींहून अधिक नावं आहेत आणि प्रत्येकाला शेवटची तारीख आहे. ती तारीख उलटल्यावर नावाचं काय होतं? बहुतेकांना वाटतं की दिवा मालवावा तसं ते क्षणात नाहीसं होतं. तसं होत नाही. नावाला जायला बरेच दिवस लागतात, त्या दिवसांचे टप्पे ठरलेले आहेत, आणि खरी गोष्ट तर त्यानंतर सुरू होते.

आधी नाव म्हणजे नेमकं काय ते पाहू. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं आली. अगदी सुरुवातीला सगळी नावं आणि त्यांचे आकडे एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती फाइल सांभाळली जाई आणि बाकीचे संगणक तिची प्रत उतरवून घेत. जाळं वाढलं तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी त्यावर डीएनएस ही व्यवस्था सुचवली, आणि आज तुम्ही फोनवर बोट टेकवता तेव्हा तीच काम करते. तिची कल्पना साधी आहे: सगळी नावं एका जागी ठेवायचीच नाहीत. वरच्या थरातल्या संगणकाला फक्त एवढं ठाऊक असतं की डॉट कॉमबद्दल कोणाला विचारायचं. डॉट कॉमच्या संगणकांना एवढंच ठाऊक असतं की अमुक नावाबद्दल पुढे कोणत्या नेमसर्व्हरला विचारायचं. खरा आकडा त्या शेवटच्या नेमसर्व्हरकडे असतो. म्हणजे डॉट कॉमच्या यादीत तुमची वेबसाइट नसते, तुमचे फोटो नसतात, मजकूर नसतो. असते ती फक्त 'पुढे तिकडे विचारा' सांगणारी एखाददोन ओळींची नोंद. सगळी मुदत त्या ओळींची असते. वेबसाइट ज्या यंत्रावर ठेवली आहे ते यंत्र सुरळीत चालू असतं, मजकूर जागच्या जागी असतो, तरी ती नोंद निघाली की तिथवर पोचायचा रस्ताच उरत नाही.

पहिलं डॉट कॉम नाव, सिम्बॉलिक्स डॉट कॉम, १५ मार्च १९८५ ला नोंदलं गेलं. त्यानंतर दहा वर्षं नावासाठी पैसे पडत नव्हते. सप्टेंबर १९९५ मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीनं दोन वर्षांचे शंभर डॉलर घ्यायला सुरुवात केली. फी आली आणि तिच्याबरोबर ती भरायची राहून जाण्याची शक्यताही आली.

ती शक्यता चार वर्षांतच जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या वाट्याला आली. १९९९ सालचा डिसेंबर, नाताळचा आदला दिवस. कोट्यवधी लोकांचं टपाल हॉटमेलवर होतं. हॉटमेलमध्ये शिरताना तुमची ओळख पटवण्याचं काम पासपोर्ट डॉट कॉम या नावावरून चाले, आणि त्या नावाची फी भरायची राहून गेली होती. लोकांना मेल उघडेना. टेनेसीमधल्या मायकेल चेनी या लिनक्स प्रोग्रॅमरनं कारण शोधून काढलं आणि नाताळच्या दिवशी स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून पस्तीस डॉलर भरून टाकले. दुसऱ्या दिवशी मेल सुरू. तेव्हाच्या पद्धतीत कोणाचंही थकलेलं बिल कोणीही भरू शकत होतं. नाव मायक्रोसॉफ्टचंच राहिलं, पैसे मात्र चेनीचे गेले. मायक्रोसॉफ्टनं नंतर त्याला पाचशे डॉलरचा चेक पाठवला, आणि त्यानं तो चेकच ईबेवर लिलावात काढून आलेली रक्कम दान केली.

अशी उदाहरणं पुढेही घडत राहिली. २००४ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन पोस्टच्या पत्रकारांचे ईमेल बंद पडले, कारण ज्या नावावर ते चालत ते रिन्यू झालं नव्हतं. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाची साइट गेली, तीही नेमकी मुख्य प्रशिक्षकाला काढल्याची बातमी आली तेव्हा. या लोकांना नावाचं मोल कळत नव्हतं असं नाही. दहा वर्षांतून एकदा करायचं काम दर महिन्याच्या कामापेक्षा सहज निसटतं. ज्यानं नाव घेतलं तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, ज्या कार्डावरून पैसे कापले जायचे ते कार्ड बदललेलं असतं.

आता ते ऐंशी दिवस. हे नियम डॉट कॉमसारख्या नावांचे आहेत. देशांच्या नावांचे, म्हणजे डॉट यूके वगैरेंचे नियम थोडे वेगळे असतात. डॉट कॉमची मूळ यादी व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते. तुम्ही मात्र व्यवहार करता तो रजिस्ट्रारशी, म्हणजे नावं विकणाऱ्या कंपनीशी. आणि या सगळ्यांवर आयकॅन या १९९८ साली स्थापन झालेल्या संस्थेचे नियम चालतात. मुदत संपण्याच्या सुमारे एक महिना आधी आणि सुमारे एक आठवडा आधी रजिस्ट्रारनं तुम्हाला कळवलंच पाहिजे, आणि मुदत उलटल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एकदा, असा नियम आहे. ही सूचना बहुधा ईमेलनं येते. आपल्याकडे कित्येक दुकानांची, शाळांची, मंडळांची नावं वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या खात्यात नोंदलेली असतात. सूचना त्याला जाते आणि त्यानं तो धंदा केव्हाच सोडलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे काहींनी नोंदणीत जो ईमेल पत्ता दिलेला असतो, तो त्याच नावावरचा असतो. नाव बंद पडलं की ते बंद पडल्याची सूचनाही पोचत नाही.

मुदत संपल्याच्या दिवशी मूळ यादीत जे घडतं ते वाचून मी थक्क झालो होतो. नाव पुसलं जात नाही, उलट आपोआप एक वर्षानं वाढवलं जातं. व्हेरिसाइन त्या वर्षाचे पैसे रजिस्ट्रारच्या खात्यातून कापून घेते आणि त्याला पंचेचाळीस दिवसांची सवलत देते. या काळात रजिस्ट्रारनं नाव परत केलं तर पैसे परत. त्यामुळे या दिवसांत सार्वजनिक नोंद पाहिली तर तिथे पुढच्या वर्षीची तारीख दिसू शकते, मालकानं दमडीही भरलेली नसताना. पुष्कळ जण इथे फसतात आणि नाव शाबूत आहे असं समजून निश्चिंत राहतात.

हे पंचेचाळीस दिवस रजिस्ट्रारच्या हातात असतात. तो साधारणपणे नेमसर्व्हर बदलतो, मग तुमच्या साइटच्या जागी 'या नावाची मुदत संपली आहे' असं पान दिसू लागतं, बहुतेकदा जाहिरातींसह. आयकॅनच्या एका नियमानं तर हे बंधनकारकच केलं आहे: नाव काढून टाकण्याआधी, मालकाला ते अजून रिन्यू करता येतं अशा शेवटच्या निदान आठ सलग दिवसांत त्याचा नेहमीचा रस्ता तोडलेला असला पाहिजे. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. ईमेल न वाचणारा माणूसही साइट बंद पडल्यावर जागा होतो. चांगली नावं या काळातच लिलावात निघतात. मालक आला नाही तर नाव सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे जातं आणि पुढचे टप्पे त्याच्या वाट्याला येतच नाहीत. मुंबई, पुणे, दागिने, लग्न असले शब्द असलेलं एखादं छोटं, सुटसुटीत नाव शेवटपर्यंत बेवारस पडून राहील ही आशा धरू नये.

कोणालाच नको असलेलं नाव रजिस्ट्रार काढून टाकतो. तिथून तीस दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ सुरू होतो. आता डॉट कॉमच्या यादीतली ती नोंद खरोखर निघालेली असते. जगात कुठूनही विचारलं तर उत्तर येतं, असं नाव अस्तित्वात नाही. तरीही ते दुसऱ्या कोणाला घेता येत नाही. फक्त जुन्या मालकाला, त्याच्या रजिस्ट्रारमार्फत, नेहमीच्या फीच्या कित्येक पट पैसे मोजून ते परत मिळवता येतं. पूर्वी ही सोय नव्हती. एखाद्या चुकीनं नाव निघालं की ते दुसऱ्याच्या हाती जाऊ शके. तसे प्रकार फार वाढले तेव्हा हा महिनाभराचा थांबा आला.

मग शेवटचे पाच दिवस. या पाच दिवसांत कोणालाच काही करता येत नाही. जुना मालक पैसे घेऊन दारात उभा राहिला तरी नाही. नाव आहे, पण ते कोणाचंही नाही आणि कोणाला देताही येत नाही. पंचेचाळीस, तीस आणि पाच, असे हे ऐंशी दिवस.

मधेच एक सूक्ष्म गोष्ट सांगायला हवी. नोंद यादीतून निघाली तरी ती जगातल्या सगळ्या संगणकांच्या आठवणीतून एकदम जात नाही. प्रत्येक वेळी डॉट कॉमकडे विचारणा करावी लागू नये म्हणून मधले संगणक मिळालेलं उत्तर काही काळ जपून ठेवतात. डॉट कॉमच्या नोंदींसाठी हा काळ १,७२,८०० सेकंदांचा, म्हणजे बरोबर दोन दिवसांचा आहे. त्यामुळे एकाच वेळी नाशिकमध्ये साइट उघडते आणि न्यू जर्सीत उघडत नाही, असं होऊ शकतं. दोघंही खरं बोलत असतात.

ऐंशी दिवसांनंतर नाव सुटतं. डॉट कॉमची सुटलेली नावं रोज ठरावीक वेळी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी दोनच्या सुमारास यादीतून गळू लागतात. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र जवळ आलेली असते किंवा नुकती उलटलेली असते. डॉट कॉम आणि डॉट नेटमध्ये दर चार नावांमागे साधारण एक नाव रिन्यू होत नाही, त्यामुळे रोज हजारोंच्या संख्येनं नावं सुटतात. त्यातल्या मोलाच्या नावांवर यंत्रं टपलेली असतात. नाव सुटण्याच्या क्षणी व्हेरिसाइनकडे जिची मागणी आधी पोचेल त्या कंपनीला ते मिळतं, आणि हा फरक सेकंदाच्या छोट्याशा अंशाचा असतो. माणसाच्या बोटाला इथे काही जागा नाही. व्हेरिसाइन प्रत्येक रजिस्ट्रारला ठरावीक संख्येनंच जोडण्या देते, म्हणून नावं पकडण्याचा धंदा करणाऱ्यांनी एक युक्ती काढली: एकाच मालकीच्या शेकडो रजिस्ट्रार कंपन्या काढायच्या. एकेका मान्यतेची वार्षिक फी चार हजार डॉलर आहे, तरी हे परवडतं. लोकांनी टाकून दिलेल्या नावांची किंमत यावरून ताडावी.

टाकलेल्या नावात एवढं काय असतं? उत्तर असं, की नाव सोडणारा माणूस निघून जातो, पण जगानं त्या नावावर ठेवलेला विश्वास तिथेच राहतो. हजारो पानांवरच्या लिंक त्याच नावाकडे बोट दाखवत राहतात. लोकांच्या फोनमध्ये त्या नावाचे ईमेल पत्ते राहतात. कुठल्या तरी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते नाव टाइप केलेलं राहतं. या सगळ्यांना मालक बदलल्याचं कळवणारी कुठलीही यंत्रणा नाही. ती डीएनएसमध्ये कधी नव्हतीच. डीएनएस विचारलेल्या नावाचा आजचा पत्ता सांगतं, आणि काल तिथे कोण होतं हे त्याला ठाऊक नसतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत हे पोचलं आहे. मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्याबद्दलच्या २०११ सालच्या एका निकालात न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी आपल्या मतपत्रात एका वेबसाइटचा पत्ता तळटीपेत दिला होता. पुढे त्या नावाची मुदत संपली. कोणीतरी ते घेतलं आणि तिथे एक छोटा मजकूर लावला. इंटरनेटवरचा संदर्भ किती क्षणभंगुर असतो आणि हे पान न्यायमूर्तींनी उद्धृत केलं होतं, एवढंच त्यात वाचणाऱ्याला सांगितलं होतं. निकाल छापलेला आहे, त्यातली तळटीप बदलता येत नाही, आणि ती ज्या जागेकडे बोट दाखवते तिथे वेगळाच माणूस बसला आहे. त्याच सुमारास हार्वर्डमधल्या अभ्यासकांनी या न्यायालयाच्या निकालांतल्या लिंक तपासल्या, तेव्हा जवळपास निम्म्या लिंक मूळ मजकुरापर्यंत पोचत नव्हत्या. प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ च्या पाहणीत २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नव्हती.

ईमेलचं प्रकरण याहून गंभीर आहे. गेबर साथमारी या ऑस्ट्रेलियातल्या सुरक्षा संशोधकानं २०१८ मध्ये वकिली फर्मची सुटलेली नावं विकत घेऊन पाहिली. फर्म दुसऱ्या फर्ममध्ये विलीन झाली, नवं नाव घेतलं, जुनं सोडून दिलं, असा तो मामला होता. नाव हाती आलं की त्यावर येणारं टपालही हाती येतं. जुन्या पत्त्यांवर पक्षकारांची गोपनीय पत्रं येतच होती. शिवाय 'पासवर्ड विसरलो' असं कळवलं की नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक ज्या पत्त्यावर येते, तो पत्ताही आता नव्या मालकाचा. माझ्या मते नाव सोडण्याचा खरा धोका इथे आहे. वेबसाइट गेली तर फार तर एक पान जातं. नावाबरोबर त्या नावावर उघडलेल्या खात्यांच्या किल्ल्या जातात.

मे २०२२ मध्ये हेच कोडच्या जगात घडलं. पायथॉन या भाषेतले प्रोग्रॅमर पायपीआय नावाच्या भांडारातून एकमेकांनी लिहिलेले कोडचे तयार तुकडे घेतात. तिथे 'सीटीएक्स' नावाचा एक जुना, वर्षानुवर्षं न बदललेला तुकडा होता. ज्यानं तो लिहिला होता त्याच्या ईमेलचं नाव एक्स्पायर झालेलं होतं. कोणीतरी ते विकत घेतलं, त्या पत्त्यावर नवा पासवर्ड मागवला आणि तुकड्यात गुपितं चोरणारा कोड घातला. पायपीआयनं २०२५ पासून मुदत संपलेल्या नावांवर पाळत ठेवायला सुरुवात केली आणि जूनपासूनच्या काही आठवड्यांत अठराशेहून जास्त ईमेल पत्ते अविश्वसनीय ठरवले.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये वेगळी वाट धरली. सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन' या शेपटाच्या नावावर न्याव्यात असा आदेश काढला. ही नावं हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडून मिळतात आणि फक्त बँकांनाच मिळतात. खोट्या बँकांच्या साइट रोखणं हा त्यामागचा हेतू, पण त्यातून आणखी एक गोष्ट साधते: असं नाव उद्या एखाद्या बँकेकडून सुटलं तरी वाटसरूला ते उचलता येणार नाही.

मला सर्वांत जास्त अचंबित केलं ते डॉट मोबीच्या प्रकरणानं. मोबाइल साइटसाठी काढलेल्या या शेपटाची एक चौकशी खिडकी होती. कुठलंही डॉट मोबी नाव कोणाचं आहे हे विचारलं की ती उत्तर द्यायची. पुढे ती खिडकी दुसऱ्या पत्त्यावर हलवली गेली आणि जुन्या पत्त्याचं नाव, डॉटमोबीरजिस्ट्री डॉट नेट, डिसेंबर २०२३ मध्ये एक्स्पायर झालं. २०२४ मध्ये वॉचटॉवर या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ते वीस डॉलरला घेतलं आणि तिथे आपला संगणक ऐकत बसवला. काही दिवसांत १,३५,००० हून अधिक यंत्रांनी त्याला पंचवीस लाख वेळा प्रश्न विचारले. त्यांत सरकारांचे आणि लष्करांचे मेल सर्व्हर होते, नावं विकणाऱ्या कंपन्या होत्या, आणि ब्राउझरमधल्या कुलपामागची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थाही होत्या. नवा पत्ता जाहीर होऊन वर्षं झाली होती, पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जुनाच पत्ता लिहिलेला होता. संशोधकांच्या लक्षात आलं की एक प्रमाणपत्र संस्था त्यांच्या उत्तरावर विश्वास ठेवून 'मायक्रोसॉफ्ट डॉट मोबी' नावाचं प्रमाणपत्र त्यांना द्यायच्या बेतात येऊ शकते. ते तिथेच थांबले.

त्यानंतर ब्राउझर आणि प्रमाणपत्र संस्थांच्या संयुक्त मंचानं अशा चौकशीतून मिळालेल्या ईमेल पत्त्यावर विसंबून प्रमाणपत्र देण्याची पद्धतच २०२५ मध्ये मोडीत काढली. त्या वीस डॉलरच्या नावाची जबाबदारी शॅडोसर्व्हर या ना-नफा संस्थेच्या साह्यानं घेतली गेली. जुन्या पत्त्यावर येणारे प्रश्न तिथे खऱ्या नोंदींमधली उत्तरं देऊन सोडवले जातात. ज्या यंत्रांना पत्ता बदलल्याचं कधीच कळणार नाही ती विचारत आहेत, तोवर कोणाला तरी ते नाव रिन्यू करत राहावं लागणार आहे.